अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद यादवी युद्धापर्यंत कसा पोहोचला, हे कसे अभ्यासावे

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील अशा सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे कष्ट घेतले होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. म्हणजे मराठी वाचकाची या विषयाशी ओळख दीडशे वर्षांची आहे. तरीही परीक्षांच्या टिपणांत तो बहुधा तीन वाक्यांत उरकला जातो: उत्तरेला गुलामगिरी नको होती, दक्षिणेला हवी होती, लिंकन निवडून आले आणि युद्ध पेटले. यातले एकही वाक्य धडधडीत खोटे नाही, पण जो वाद कायदेमंडळात चाळीस वर्षे तडजोडींवर तडजोडी करत चालला होता, तो शेवटी तोफांच्या तोंडी का गेला, हे त्यातून मुळीच समजत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार किंवा निव्वळ जिज्ञासेने वाचणारे कोणीही असोत, त्यांना हा प्रवास स्वतः तपासून पाहता यावा, यासाठी पुढील पद्धत सांगत आहे.

साहित्य फार लागत नाही. अमेरिकेचा १८६० च्या सुमाराचा, राज्यांच्या सीमा दाखवणारा एक कोरा नकाशा आणि एक वही पुरे. वहीच्या पानावर चार रकाने पाडावेत. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात ज्या भूमीबद्दल भांडण होते तिचे नाव, तिसऱ्यात त्या वेळी सिनेटमध्ये, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, गुलामगिरी असलेली आणि नसलेली राज्ये किती होती तो आकडा, आणि चौथ्यात एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: या वेळी केंद्र सरकारकडे कोण काय मागत आहे? चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो प्रामाणिकपणे भरत गेल्यास १८२० ते १८६० या काळात मागणी कशी बदलत गेली हे डोळ्यांसमोर उभे राहते आणि या संघर्षाविषयीचे बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

आधी घटनेची रचना समजून घ्यावी

पहिली बैठक १७८७ च्या घटनेसाठी राखून ठेवावी, कारण पुढचे सर्व डावपेच तिच्याच चौकटीत खेळले गेले. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, दोन जागा मिळतात. प्रतिनिधीगृहातील जागा मात्र लोकसंख्येनुसार ठरतात, आणि ती लोकसंख्या मोजताना गुलामांपैकी तीन-पंचमांश धरावेत असे घटनेत ठरले होते. गुलामाला मत नव्हते, पण त्याच्या डोक्यामागे त्याच्या मालकाच्या राज्याला जास्तीचे प्रतिनिधी मिळत, आणि अध्यक्षाच्या निवडणुकीतली जास्तीची मतेही मिळत. पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडल्यास तो मालकाला परत करावा, असेही एक कलम होते. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नव्हती.

ही कलमे वाचताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. त्यांत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. 'इतर सर्व व्यक्ती', 'सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती' असे शब्द योजून घटनाकारांनी त्या शब्दाला वळसा घातला आहे. वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद करून ठेवावी, ती शेवटी पुन्हा लागणार आहे.

दुसरी संकल्पना 'टेरिटरी'ची. जी भूमी संघराज्याच्या मालकीची आहे, पण जिला अजून राज्याचा दर्जा मिळालेला नाही, ती टेरिटरी. आपल्याकडील केंद्रशासित प्रदेशांवरून तिची ढोबळ कल्पना येईल, फरक इतकाच की टेरिटरीने वस्ती वाढली की राज्य व्हावे असे अपेक्षित होते. ज्या राज्यात गुलामगिरी आधीपासून आहे, तेथे केंद्रीय कायदेमंडळाला, म्हणजे काँग्रेसला, हात घालता येत नाही, हे त्या काळचे जवळजवळ सर्व राजकारणी मान्य करत. लिंकनही ते मान्य करत. मग भांडण होते कशाबद्दल? नव्या भूमीबद्दल. आज टेरिटरीत गुलामगिरी शिरली, तर उद्या तेथे गुलामगिरीचे राज्य होणार, त्याला सिनेटच्या दोन जागा मिळणार आणि देशाचे पारडे त्या बाजूला झुकणार. हे एवढे सूत्र हाती धरले की पुढची चाळीस वर्षे सुसंगत दिसू लागतात.

गुलामगिरी आपोआप मावळेल अशी आशा १७८७ मध्ये पुष्कळांना होती. ती का फोल ठरली, याचे उत्तर कापसात आहे. सरकी वेगळी करणारे एली व्हिटनीचे यंत्र १७९३ मध्ये आले, आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर झाला आणि लागवड जॉर्जियापासून मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत पसरली. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, ते १८६० च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख ५० हजार झाले. त्या सुमारास अमेरिकेच्या एकूण निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग कापसाचा होता. युद्धात हा कापूस अडकला तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तेथील शेअरबाजार कोसळला, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. तो युद्धाचा परिणाम होता. आपण कारणांचा शोध घेत असल्याने तो वहीत लिहू नये.

पहिली नोंद: मिसूरी

१८१९ मध्ये मिसूरीने राज्याचा दर्जा मागितला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज यांनी अट सुचवली की तेथे नवे गुलाम आणू नयेत आणि जन्माला येणाऱ्या मुलांना पुढे मुक्त करावे. त्या वर्षअखेरीस सिनेटमधले प्रमाण ११ विरुद्ध ११ असे होते, त्यामुळे मिसूरी ज्या बाजूला जाईल ती बाजू वरचढ ठरणार होती. १८२० ची तडजोड अशी झाली: मिसूरी गुलामगिरीसह, मेन गुलामगिरीविना, आणि लुइझियाना खरेदीतून (१८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशातून) मिळालेल्या उरलेल्या भूमीत ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेस, मिसूरी वगळता, गुलामगिरीला कायमची बंदी. नकाशावर ही रेघ शिसपेन्सिलीने ओढावी. पुढे ती खोडावी लागणार आहे.

वृद्ध टॉमस जेफरसन यांनी एप्रिल १८२० मध्ये एका पत्रात लिहिले की या प्रश्नाने रात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखे आपल्याला दचकवून जागे केले, आणि नैतिक व राजकीय तत्त्वाला धरून एकदा आखली गेलेली भौगोलिक रेषा कधीही पुसली जाणार नाही, प्रत्येक नव्या चिडीबरोबर ती अधिकच खोल होईल. शेकडो गुलामांचा मालक असलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे विसरू नये.

यानंतरची पंचवीस वर्षे भरभर वाचली तरी चालतात. १८३१ मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांचे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक सुरू झाले, त्याच वर्षी व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला. १८३६ ते १८४४ या काळात गुलामगिरीविरोधी अर्ज प्रतिनिधीगृहात चर्चेलाच येऊ नयेत असा नियम होता आणि माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्याविरुद्ध एकाकी झुंजत होते. चौथ्या रकान्यात लिहावे: दक्षिण मागते आहे मौन.

१८४५ मध्ये टेक्सस आले, १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मट यांनी प्रस्ताव मांडला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कोणत्याही भूमीत गुलामगिरी नसावी. प्रतिनिधीगृहाने तो मंजूर केला, सिनेटने होऊ दिला नाही. येथे अभ्यासकाने मतविभागणी स्वतः पाहावी. तोवर मते पक्षानुसार पडत असत, डेमोक्रॅट एका बाजूला आणि व्हिग दुसऱ्या बाजूला. या प्रस्तावावर दोन्ही पक्ष मधोमध फाटले आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशी मते पडली. राष्ट्रव्यापी पक्ष हे या देशाला बांधून ठेवणारे दोर होते, आणि त्यांचा पीळ येथे उसवायला लागला.

१८५० ची तडजोड: या ठिकाणी थांबावे

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले, माणसांचा लोंढा गेला आणि त्या प्रदेशाने गुलामगिरीविना राज्य होण्याची मागणी केली. सिनेटमध्ये १५ विरुद्ध १५ अशी बरोबरी होती. केंटकीचे सिनेटर हेन्री क्ले यांनी तडजोड मांडली. मृत्युशय्येच्या वाटेवर असलेल्या दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅलहून यांचे विरोधी भाषण दुसऱ्या सदस्याने वाचून दाखवले, मॅसॅच्युसेट्सचे डॅनियल वेब्स्टर यांनी ऐक्यासाठी तडजोडीला पाठिंबा दिला, आणि अखेर इलिनॉयचे स्टीफन डग्लस यांनी प्रस्तावाचे तुकडे करून एकेक कायदा वेगवेगळ्या बहुमताने पार पाडला. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिचा अर्थ गंभीर आहे: दोन्ही बाजूंनी मिळून एकत्र संमती अशी कधी दिलीच नाही. बहुतेक सदस्यांनी आपल्याला हवा तेवढा तुकडा घेतला.

कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा बाजार बंद झाला. न्यू मेक्सिको आणि युटा यांचा निर्णय तेथील लोकांवर सोडला. या बदल्यात दक्षिणेला मिळाला फरारी गुलाम कायदा. माझ्या मते संपूर्ण अभ्यासात एखादा कायदा मुळातून, कलमांनिशी वाचायचा असेल, तर तो हाच.

त्यातील तरतुदी पाहाव्यात. फरारी म्हणून पकडलेल्या माणसाचा निवाडा ज्यूरीपुढे होणार नाही, तो केंद्राने नेमलेला आयुक्त करील. पकडलेल्या माणसाची स्वतःची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताला १० डॉलर शुल्क, सोडून दिले तर ५ डॉलर. फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि केंद्राच्या अधिकाऱ्याने हाक दिल्यास रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाने पकडण्याच्या कामी मदत केलीच पाहिजे. १० आणि ५ डॉलरच्या फरकाचे समर्थन कागदपत्रे जास्त लिहावी लागतात असे करण्यात आले. पण एका माणसाच्या आयुष्याचा निकाल देणाऱ्याच्या हातात दोन निकालांसाठी दोन वेगळ्या रकमा ठेवल्या गेल्या, हे वाचून आजही मन अस्वस्थ होते.

चौथा रकाना आता काळजीपूर्वक भरावा. १८२० मध्ये दक्षिण म्हणत होती, आमच्यात लक्ष घालू नका. १८५० मध्ये ती म्हणते आहे, तुम्ही स्वतः आमच्यासाठी माणसे पकडा. दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली असे ज्यांना वाटते, त्यांनी या कायद्याजवळ थोडे थांबावे. आपल्या नागरिकांना ज्यूरीचे संरक्षण द्यायचा मॅसॅच्युसेट्सचा हक्क येथे केंद्राच्या बळावर चिरडला गेला होता, आणि तो चिरडावा ही मागणी दक्षिणेचीच होती.

कायदा कागदावर वाचल्यानंतर तो रस्त्यावर कसा दिसला ते पाहावे. अँथनी बर्न्स हा विशीतला तरुण व्हर्जिनियातल्या रिचमंडहून पळून बोस्टनला आला होता आणि कपड्यांच्या दुकानात काम करत होता. २४ मे १८५४ रोजी त्याला चोरीच्या बहाण्याने अटक झाली आणि मग कळले की मालक आला आहे. दोन दिवसांनी जमावाने न्यायालयावर धडक दिली, त्यात एक पहारेकरी मारला गेला. निकाल मालकाच्या बाजूने लागला. २ जून रोजी एका निःशस्त्र तरुणाला बंदरातील जहाजापर्यंत नेण्यासाठी सैनिकांच्या रांगा उभ्या कराव्या लागल्या. वाटेतल्या इमारतींवर काळे कापड सोडले होते, वर एक शवपेटी टांगली होती, आणि हजारो माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धिक्कार करत होती. बोस्टनचे गिरणीमालक अमोस लॉरेन्स यांनी लिहिले की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवादी व्हिग म्हणून, आणि उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधक होऊन. ज्यांच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत, त्या वर्गातल्या माणसाचे हे शब्द आहेत. पुढच्या वर्षी बोस्टनच्या काळ्या लोकांच्या चर्चने पुढाकार घेऊन १,३०० डॉलर मोजले आणि बर्न्सला मुक्त केले.

हॅरिएट बीचर स्टोव यांची १८५२ मधली 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरीही या कायद्यावरच्या संतापातून आली. फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ चे रॉचेस्टर येथील भाषणही मिळवून वाचावे. स्वातंत्र्यदिनाचा उत्सव गुलामाच्या नजरेतून काय असतो, असा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि ते स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले होते.

रेघ खोडली जाते: कॅन्सस

बर्न्सची सुनावणी चालू असतानाच, ३० मे १८५४ रोजी, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर अध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांची सही झाली. पश्चिमेकडे रेल्वे न्यायची तर मधल्या भूमीला टेरिटरीचे सरकार हवे, आणि त्यासाठी दक्षिणेची मते हवीत, म्हणून स्टीफन डग्लस यांनी १८२० ची रेघ रद्द करून टाकली. गुलामगिरी हवी की नको हे तेथील रहिवाशांनीच ठरवावे, या तत्त्वाला त्यांनी लोकसार्वभौमत्व असे भारदस्त नाव दिले. नकाशावरची रेघ आता खोडावी. चौतीस वर्षे ज्या कराराला लोक पवित्र मानत आले, तो एका कायद्याने संपला, आणि त्याबरोबर व्हिग पक्षही संपला. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध एवढ्या एका मुद्द्यावर रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

लोकसार्वभौमत्व प्रत्यक्षात कसे चालले हे पाहण्यासाठी मार्च १८५५ मधील कॅन्ससच्या निवडणुकीचे दोन आकडे पुरेसे आहेत. थोड्याच दिवसांपूर्वीच्या शिरगणतीनुसार पात्र मतदार होते २,९०५. मते पडली ६,३०७. शेजारच्या मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मते टाकून परत गेल्या, आणि त्यांनी निवडलेल्या विधिमंडळाला केंद्राने मान्यता दिली. मुक्त राज्याच्या समर्थकांनी टोपेका येथे आपले वेगळे सरकार थाटले. त्यांचे मुख्य गाव लॉरेन्स हे त्याच अमोस लॉरेन्स यांच्या नावाने वसले होते, कारण उत्तरेतून जाणाऱ्या वसाहतकारांना त्यांनी पैसा पुरवला होता.

मे १८५६ मधले चार दिवस वहीत एकाखाली एक लिहावेत. २१ मे रोजी गुलामगिरी समर्थकांनी लॉरेन्स गाव लुटले. २२ मे रोजी सिनेटच्या सभागृहात, आपल्या बाकावर लिहीत बसलेल्या गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले, कारण सम्नर यांनी कॅन्ससवरच्या भाषणात ब्रुक्स यांच्या सिनेटर नातेवाइकाची निर्भर्त्सना केली होती. २४ मेच्या रात्री कॅन्ससमध्ये जॉन ब्राउन हा कट्टर गुलामगिरीविरोधक आणि त्याच्या साथीदारांनी गुलामगिरी समर्थक वस्तीतील पाच जणांना घराबाहेर काढून ठार केले. सम्नर यांची जागा सुमारे तीन वर्षे रिकामी राहिली. ब्रुक्स यांना दक्षिणेतून भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. वाद घालण्याची जी जागा होती, तेथेच वाद घालणे धोक्याचे झाले.

६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला. स्कॉट यांना त्यांच्या मालकाने, जो लष्करी डॉक्टर होता, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन टेरिटरीत नेऊन ठेवले होते. त्या मुक्त भूमीवर राहिल्याने आपण मुक्त झालो, असा त्यांचा दावा होता. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी म्हटले की काळे लोक अमेरिकेचे नागरिक नाहीत, त्यामुळे ते केंद्रीय न्यायालयात दादच मागू शकत नाहीत. शिवाय टेरिटरीत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. सात विरुद्ध दोन असा तो निकाल होता. या निकालाने काय काय बंद झाले याची यादी अभ्यासकाने स्वतः करावी. रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. १८२० ची तडजोड मुळातच अवैध होती असे ठरले. आणि काँग्रेसला जो अधिकार नाही तो तिने नेमलेल्या टेरिटरीच्या विधिमंडळाला कोठून असणार, या न्यायाने डग्लस यांचे लोकसार्वभौमत्वही अधांतरी लटकले. मधला रस्ताच उरला नाही.

१८५८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीनिमित्त झालेले लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे सात वादविवाद वाचताना एक पथ्य पाळावे: लिंकन यांची आजची मूर्ती बाजूला ठेवून वाचावे. इलिनॉयमधील चार्ल्सटन येथील चौथ्या वादविवादात त्यांनी काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. तेच लिंकन गुलामगिरी हा नैतिक अन्याय आहे आणि तिचा प्रसार थांबलाच पाहिजे, या मुद्द्यावर तसूभर हटले नाहीत. दोन्ही विधाने वहीत शेजारी लिहावीत, एकाही ओळीवर काट मारू नये. दक्षिणेला भीती वाटली ती या दुसऱ्या विधानाची. ज्या गोष्टीला देशाचा अध्यक्ष अन्याय म्हणतो, तिचे आयुष्य किती, असा तिचा सवाल होता, आणि तो अनाठायी नव्हता.

जॉन ब्राउनने ऑक्टोबर १८५९ मध्ये हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर घातलेला छापा दोन दिवसांत मोडला गेला. लष्करीदृष्ट्या तो नगण्य होता. २ डिसेंबरला त्याला फाशी दिले तेव्हा उत्तरेच्या काही गावांत चर्चच्या घंटा वाजल्या, आणि दक्षिणेने त्या ऐकल्या.

१८६० चा निकाल आणि त्यानंतरचा हिवाळा

डेमोक्रॅटिक पक्ष हा उत्तर व दक्षिण दोन्हीकडे पाय असलेला शेवटचा मोठा पक्ष होता. एप्रिल १८६० मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन येथील अधिवेशनात तो फुटला. दक्षिणेच्या प्रतिनिधींना आता टेरिटरींत गुलामगिरीला केंद्राचे सक्रिय संरक्षण हवे होते, लोकमत काहीही असो. उत्तरेचे डेमोक्रॅट ते देऊ शकत नव्हते, दिले असते तर आपापल्या मतदारसंघांत ते उभेही राहू शकले नसते. चौथ्या रकान्याची ही शेवटची महत्त्वाची नोंद. मौन, मग पकडण्यात मदत, आणि आता सर्वत्र संरक्षण, असा मागणीचा चढता क्रम लागतो.

चार उमेदवार उभे राहिले. लिंकन यांना ४० टक्क्यांच्या किंचित आत मते मिळाली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार निर्वाचकांची १८० मते मिळून ते निवडून आले, आणि दक्षिणेतील दहा राज्यांत तर त्यांच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. आपल्या एकाही मताशिवाय देशाचा अध्यक्ष निवडला जाऊ शकतो, हे दक्षिणेला त्या रात्री आकड्यांत दिसले. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडली. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत एकूण सात राज्ये बाहेर पडली होती. लिंकन यांनी तोवर पदाची शपथही घेतली नव्हती.

या टप्प्यावर दुसऱ्यांनी लिहिलेली कारणमीमांसा मिटून ठेवावी आणि बाहेर पडणाऱ्यांनी स्वतः दिलेली कारणे वाचावीत. दक्षिण कॅरोलायनाच्या २४ डिसेंबरच्या जाहीरनाम्यात तक्रार आहे की उत्तरेची राज्ये फरारी गुलाम परत करत नाहीत, न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसते पलीकडे जाण्याचीही मुभा उरलेली नाही, आणि काही राज्यांनी काळ्या लोकांना नागरिकत्व दिले आहे. म्हणजे राग उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले याचा आहे. मिसिसिपीचा जाहीरनामा तर दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे.

आयात मालावरील जकातीमुळे युद्ध झाले असे कोणी म्हणाल्यास तारखा पाहाव्यात. १८५७ ची जकात कमी होती आणि ती दक्षिणेच्या पाठिंब्याने मंजूर झाली होती. वाढीव जकातीवर सही झाली ती २ मार्च १८६१ रोजी, तेव्हा सात राज्यांचे सदस्य निघून गेलेले होते.

एक छोटे गणितही करून पाहावे. १८६० च्या जनगणनेतून प्रत्येक राज्यातील गुलामांचे प्रमाण काढावे आणि राज्ये कोणत्या क्रमाने बाहेर पडली तो क्रम शेजारी मांडावा. पहिल्या सात राज्यांत मिळून गुलामांचे प्रमाण जवळजवळ ४७ टक्के येते. एप्रिल १८६१ मध्ये सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर बंडखोरांचा गोळाबार झाल्यानंतर जी चार राज्ये बाहेर पडली, त्यांत ते सुमारे २९ टक्के आहे. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या मिसूरी, केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर या चार राज्यांत ते १४ टक्क्यांच्या आसपास भरते. मी हे गणित प्रथम केले तेव्हा दोनदा तपासून पाहिले होते, इतका तो क्रम सरळ आहे.

अखेरची तडजोड का फसली, हेही नेमके समजून घ्यावे. सिनेटर जॉन क्रिटेंडेन यांनी डिसेंबर १८६० मध्ये ३६ अंश ३० मिनिटांची तीच जुनी रेघ पश्चिम समुद्रापर्यंत न्यावी आणि तिच्या दक्षिणेस गुलामगिरीला कायमचे संरक्षण द्यावे असे सुचवले. असलेल्या गुलामगिरीला हात लावणार नाही हे वचन द्यायला लिंकन तयार होते, प्रसाराला परवानगी द्यायला तयार नव्हते. ४ मार्चच्या पहिल्या भाषणात त्यांनी वादाचा गाभा एका वाक्यात सांगितला: देशाचा एक भाग गुलामगिरी योग्य आहे आणि ती पसरावी असे मानतो, दुसरा भाग ती अयोग्य आहे आणि पसरू नये असे मानतो, खराखुरा वाद एवढाच आहे. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटनच्या बंदरातून सम्टरवर तोफा सुटल्या. लिंकन यांनी ७५,००० सैनिकांची हाक दिली, आणि व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये गेली.

आता वहीचे पहिले पान पुन्हा उघडावे आणि १७८७ च्या घटनेशेजारी बंडखोर राज्यांनी मार्च १८६१ मध्ये संमत केलेली घटना ठेवावी. बराचसा मजकूर शब्दशः तोच आहे, म्हणून फरक शोधणे सोपे जाते. जेथे जुन्या घटनेने शब्द टाळला होता, तेथे नवी घटना उघडपणे 'निग्रो गुलाम' असे लिहिते आणि त्यांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करता येणार नाही असे बजावते. आपल्या कोणत्याही राज्यातून गुलामांसह ये-जा करण्याचा हक्क ती देते, म्हणजे त्या बाबतीत राज्याला नाही म्हणण्याची सोयच ठेवत नाही. आणि भविष्यात मिळणाऱ्या टेरिटरीत गुलामगिरीला मान्यता व संरक्षण दिले जाईल, असे ती स्पष्ट सांगते. अमेरिकेच्या घटनेत 'गुलामगिरी' हा शब्द प्रथम आला तो डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या दुरुस्तीत, ती प्रथा संपवणाऱ्या वाक्यात.